कल्लाप्पा मास्तरांची जागा

बेळगावच्या त्या नाट्यमंडळाचं नाव मी इथं लिहिणार नाही. माझ्या तोंडाला त्याचा विटाळ नको. विटाळ हा शब्द मी जाणूनबुजून वापरते आहे. आमच्या घराण्याला तो पिढ्यान्‌पिढ्या फुकट मिळालाय, एकदा तरी आमच्या हातून परत जाऊ दे.

या मंडळाने १९८६ साली माझ्या मामाची शोकसभा घेतली. त्याची छापील कार्डं काढली. कार्डावर मामाच्या नावाआधी ‘सीमाभागातील मराठी रंगभूमीचे आधारस्तंभ’ असं लिहिलं होतं. जिवंतपणी ज्या माणसाला त्यांनी एक सकाळ सोडली तर रंगमंचापुढं बसू दिलं नाही, तो मेल्याबरोबर खांब झाला. ते कार्ड वाचून मी फाडलं आणि बेळगावात मी शिकवायचे त्या शाळेच्या स्टाफरूममधल्या टोपलीत टाकलं. शेजारच्या बाई म्हणाल्या, अंजनाबाई, अहो, मामा ना तुमचे? मी म्हटलं, मामा माझे आहेत, कार्ड त्यांचं आहे.

मामाचं नाव कल्लाप्पा. निपाणी-चिकोडीकडं सगळे त्याला पेटीमास्तर म्हणत. चिकोडीच्या जत्रेत एका नाटक कंपनीचा तंबू पडला, तेव्हा मिसरूड फुटलेला मामा तिथं कामाला लागला. पाणी भरायला त्याला ठेवलं नाही, कारण आमच्या हातचं पाणी कोण पिणार. पडदा ओढायला ठेवलं. पडद्याच्या दोरीला काही होत नसतं.

कंपनी मोठी गमतीची होती. ज्या गावात जी भाषा, त्या भाषेतलं नाटक. आज कन्नड, उद्या मराठी. पेटीवर एक म्हातारे कन्नड मास्तर होते. पेटी म्हणजे मांडीवरची नव्हे, पायपेटी. उंच, टेबलासारखी, खाली पायाने भाता मारायचा. दोन्ही हात सुरांवर, दोन्ही पाय भात्यावर. मग नटांना आणि तबल्याला खूण करायला मास्तरांकडं उरायची फक्त हनुवटी. हनुवटी वर गेली की पद उचलायचं, खाली आली की समेवर यायचं, डावीकडं वळली की थांबायचं. मामा पडद्याची दोरी धरून रोज ती हनुवटी बघायचा. पुढं म्हाताऱ्यांची बोटं आखडली आणि त्यांनी मालकाला सांगितलं, ह्या पोराला बसवा, माझं सगळं ह्याने चोरलंय. मामा पडद्यामागून उठला आणि रंगमंचापुढच्या खड्ड्यात, पेटीवर बसला.

त्या जागेचा एक मान होता. पहिली घंटा झाली की कंपनीचा मालक स्वतः खाली उतरायचा, पेटीपुढं नारळ फोडायचा आणि खोबऱ्याचा पहिला तुकडा मास्तरच्या हातावर ठेवायचा. सगळ्या प्रेक्षकांदेखत. मग नटांना, मग बाकीच्यांना. त्याच कंपनीत जेवताना मामाचं ताट वेगळं असायचं. हे मामाने मला हसत हसत सांगितलं होतं. मला हसू आलं नाही. तो म्हणाला, “जेवताना कोण बघतंय गं आपल्याला? पेटीवर बसल्यावर समदं गाव बघतंय.” आयुष्यभर त्याने त्या एका जागेवर सगळा हिशेब मिटवून टाकला होता, आणि माझा राग तिथूनच सुरू होतो.

सत्तरच्या सुमाराला सिनेमाने कंपनी खाल्ली. मालकाने तंबू विकला आणि पायपेटी मामाला देऊन टाकली. मामा ती बैलगाडीत घालून निपाणीला आमच्या गल्लीत घेऊन आला. लग्न केलेलं नव्हतं. पोटासाठी तंबाखूच्या वखारीत लागला. दिवसभर तिथला खकाणा, तंबाखूची बारीक धूळ, छातीत भरून घ्यायचा आणि संध्याकाळी पेटी पुसायचा.

माझी आई यल्लव्वा त्याची धाकटी बहीण. आई आणि गल्लीतल्या बायका पत्र्याच्या शेडात विड्या वळायच्या. मांडीवर सूप, सुपात तंबाखू, पानं, कातर आणि दोऱ्याचं रीळ. मामाने पेटी त्या शेडात आणून ठेवली, तेव्हा बायडाबाई म्हणाली, “मास्तर, ही चुलीत घाला, चार दिवस भाकरीची सोय हुईल.” सगळ्या हसल्या. मामाही हसला आणि वाजवायला बसला.

विड्या वळणाऱ्या बाईला गाता येतं, पण थांबता येत नाही. हात थांबला की पोट थांबलं. मामाला हे पहिल्याच दिवशी कळलं. त्याने त्यांना कधी सुपं बाजूला ठेवा म्हटलं नाही. उलट त्याने गाणं त्यांच्या हातांवर बसवलं. पान उचलून कातरलं, तंबाखू भरली, वळलं, दोरा बांधला. चार कामं, चार मात्रा. पानावर सूर उचलायचा, दोऱ्याच्या गाठीवर समेला यायचं. कातरीचा आवाज तालात. बायका मान खाली घालून वळत आणि डोळ्यांच्या कोपऱ्यातून मामाची हनुवटी बघत. आधी चौदा एप्रिलच्या जयंतीची गाणी झाली, मग त्याने कंपनीतल्या चालींवर स्वतःची गाणी रचली. तीन पट्ट्यांत गाणाऱ्या बायका, एक वर, एक मधली, एक खाली, आणि सगळ्या मिळून असा आवाज की रस्त्यावरची सायकल थांबावी. ह्याला कोरस म्हणतात हे त्या बायकांना नंतर कळलं. तोवर त्या त्याला ‘कामाचं गाणं’ म्हणत.

१९७८च्या जयंतीला बेळगावच्या मंडळाचे सेक्रेटरी मारुतीराव निपाणीत कुणाकडं तरी आले होते. त्यांनी आमचा कोरस ऐकला आणि दुसऱ्या दिवशी जीप घेऊन शेडाच्या दारात. संगीत नाटक बसवतोय, म्हणाले, असा कोरस बेळगावात कुणाकडं नाही. मास्तर, तुम्ही बायका घेऊन या. चार माणसांदेखत ते मामाला ‘मास्तर, तुम्ही’ म्हणायचे. एकटा सापडला की ‘कल्लाप्पा, तू’. माझ्या कानांनी ऐकलंय.

आणि मग अटी सुरू झाल्या. बायका विंगेत बसतील. कोरस आतून येईल. का? तर नाटकाला तसंच शोभतं. बरं, पेटी तरी पुढं खड्ड्यात असेल? तर नाही. पायपेटी उंच, पहिल्या रांगेला नटांचे पाय दिसत नाहीत. मामा म्हणाला, “साहेब, कंपनीत इतकी वरसं पुढंच बसलतो मी. कुणाला पाय दिसत न्हाईत म्हणून कुणी उठून गेलतं न्हाय.” मारुतीराव हसले. म्हणाले, “ते तंबूतलं नाटक, कल्लाप्पा. हे थेटर आहे.”

खरं कारण नारळात होतं. पेटी पुढं असली की नारळ पेटीपुढं फुटणार, पहिला तुकडा मामाच्या हातावर पडणार आणि त्याच्यामागून तो प्रसाद सगळ्यांना खावा लागणार. मंडळाने नारळ रंगमंचाच्या मधोमध फोडायला सुरुवात केली. खोबऱ्याचे तुकडे नटांना हातावर मिळायचे. विंगेतल्या लोकांसाठी कागदात गुंडाळून पुडी यायची, ती पेटीवर ठेवून माणूस निघून जायचा. बायडाबाईने ती पुडी एकदा तशीच रस्त्यावरच्या शेळीला घातली. मामाने मात्र दर वेळी पुडी उघडून तुकडा खाल्ला. मला आजही तो तुकडा घशात अडकल्यासारखा वाटतो, आणि तो मी खाल्लेलाच नाही.

प्रयोगाआधी मारुतीराव पडद्यापुढं उभं राहून भाषण करायचे. इथं मराठी जगली पाहिजे, सीमाभागातल्या मराठी माणसाचा आवाज दाबला जातोय. लोक टाळ्या वाजवायचे. आणि विंगेत, अंधारात, निपाणीच्या मराठी बायका मांडीवर सुपं घेऊन विड्या वळत बसलेल्या असायच्या. त्यांच्या आवाजावर नाटक उभं होतं. नाटक संपल्यावर कुणी विचारलं, कोरस कुठला हो? मारुतीराव सांगायचे, आमच्या मंडळाचाच.

मी तेव्हा बेळगावात शिकत होते. मी मामाला म्हणायचे, जाऊ नका. आई म्हणायची, “अण्णा, त्येंच्या थेटरात आपून उंदरावानी का बसायचं?” मामा म्हणायचा, “सूर लागतोय न्हवं? मग बसायला काय, कुटं बी बसावं.” खोटं बोलत होता. दर प्रयोगाला लवकर पोचून तो रिकाम्या थेटरात त्या खड्ड्यापाशी जाऊन उभा राहायचा. एकदा मी त्याला खाली उतरलेला पाहिला. रिकाम्या खड्ड्यात उभा राहून, हनुवटी वर करून, रिकाम्या रंगमंचाकडं बघत होता. मला बघून म्हणाला, “हितनं आवाज बरा लागंल.” एका जागेसाठी माणसाने किती वाकावं?

१९८३ साली मंडळाचा रौप्यमहोत्सव आला. सकाळचा खास कार्यक्रम, पुण्याहून मोठे पाहुणे. पाहुण्यांनी म्हणे आधी एकदा नाटक बघितलं होतं आणि कळवलं होतं की तो कोरस मला समोर बघायचाय. मारुतीरावांचा नाइलाज झाला. ते शेडात आले. बायका रंगमंचावर उभ्या राहतील, म्हणाले. मास्तर पायपेटी घेऊन पुढं, खड्ड्यात. नारळ पेटीपुढं फुटेल.

मामाने त्यांचं पुढचं बोलणं नीट ऐकलंच नसावं. पुढचं असं होतं की बायकांनी पांढरी पातळं नेसून दोन रांगांत उभं राहायचं आणि सुपं आणायची नाहीत. तंबाखूचा वास पाहुण्यांना सोसणार नाही.

“चालतंय की,” मामा म्हणाला. “हात मोकळं असलं की गळा बी मोकळा हुतोय.”

महिनाभर तालीम झाली. कुठं? शेडात. कशी? मांडीवर सुपं घेऊन, जशी नेहमी व्हायची. काम बुडवून तालीम करायला कुणाच्या घरी भात वाढून ठेवला होता? हात मोकळे ठेवून ते गाणं एकदाही झालं नाही. हे ना मामाच्या लक्षात आलं, ना आईच्या, ना माझ्या. इतकी वर्षं ज्या माणसाने गाणं त्यांच्या बोटांवर बसवलं, त्यालाच बोटांचा विसर पडला. त्याच्या डोळ्यांपुढं तो खड्डा होता, दुसरं काही दिसत नव्हतं.

त्या सकाळी मी प्रेक्षकांत बसले होते. मामा नवा कोट घालून पेटीवर बसला. नारळ फुटला. मारुतीरावांनी खोबऱ्याचा तुकडा त्याच्या हातावर ठेवला, बोट लागू न देता, वरून सोडला. मामाने तो कपाळाला लावला. पडदा वर गेला. आमच्या बायका पांढऱ्या पातळांत, दोन रांगांत उभ्या. इतक्या सुंदर मी त्यांना कधी बघितलं नव्हतं.

मामाची हनुवटी वर गेली. पहिली ओळ बरी आली. मग हात शोधायला लागले. नागुबाईने पदर धरला. बायडाबाईची बोटं हवेत वळायला लागली, तिने ती घाईघाईने पाठीमागं लपवली आणि ओळ सोडून दिली. गुणाबाई समेवर आधी आली, आई नंतर. दोरा कुठं बांधायचा तेच कुणाला कळेना. वरची पट्टी खाली आली, खालच्या पट्टीने श्वास मध्येच घेतला. मामाची हनुवटी वर-खाली होत होती, पण हनुवटी फक्त कधी ते सांगते, किती वेळ ते बोटं सांगतात, आणि बोटं रिकामी होती. दुसऱ्या कडव्यात गाणं फाटलं. मागून कुणीतरी हसलं. पुण्याचे पाहुणे भिंतीकडं बघत बसले. मारुतीरावांनी हात केला आणि पडदा पडला.

मग ते पुढं येऊन गोड आवाजात म्हणाले, भगिनी पहिल्यांदाच रंगमंचावर आल्या आहेत, सांभाळून घ्या. सांभाळून घ्या! पाच वर्षं ज्यांनी तुमचं नाटक सांभाळलं, त्यांना?

मी आत धावले. विंगेत मारुतीराव मामाला सांगत होते, “तरी मी म्हणत होतो. ह्या बायका आतच बऱ्या. कल्लाप्पा, तुझ्या हट्टापायी मंडळाचं हसं झालं.”

त्याचा हट्ट! मी तोंड उघडणार तोच मामा बोलला. हात जोडून बोलला. “चुकलं साहेब.”

आईने ते ऐकलं. निपाणीपर्यंतच्या एस.टी.त ती त्याच्या शेजारी बसली नाही. घरी आल्यावर पातळ बदललं, शेडात गेली, सूप मांडीवर ओढलं आणि तेच गाणं रागाने, दात-ओठ खात म्हणायला लागली. पान, तंबाखू, वळ, दोरा. एकेक बाई येऊन बसली. गाणं पहिल्यापासून शेवटपर्यंत असं सरळ गेलं की कुठं गाठ नाही. मामा दारात उभा होता. पेटीला त्याने हातही लावला नाही. गाणं संपलं तसा तो म्हणाला, “दोरा मीच काढून घेतला गं तुमचा. मला पुढं बसायचं हुतं.”

आई म्हणाली, “तू पुढं बसावंस असं आमालाबी वाटत हुतं, अण्णा. पर आमाला उघडं पाडून न्हवं.” एवढं बोलून तिने पुढचं पान उचललं.

मामा परत बेळगावला गेला नाही. मंडळानेही बोलावलं नाही. तो शेडात वाजवत राहिला, छाती वाजायला लागली तरी वाजवत राहिला. शेवटी शेवटी भाता मारायला पाय उचलेना, तेव्हा पेटीपुढं नुसता बसून हनुवटी हलवायचा आणि बायका गायच्या. वखारीच्या खकाण्याने त्याला संपवलं. डॉक्टरने टीबी लिहिलं. ते काही चूक नव्हतं, पण पुरं नव्हतं.

तर शोकसभा. कार्ड फाडल्यावर दोन दिवसांनी खडेबाजारात मारुतीराव भेटले. मला थांबवलं, डोळे पुसल्यासारखं केलं. म्हणाले, “निपाणीच्या बायकांना घेऊन या. आदरांजली म्हणून त्यांचं एक गाणं ठेवलंय. मंचावर मास्तरांचा फोटो असेल, तुमच्या बायका विंगेतून गातील. मागच्यासारखं नको व्हायला.”

भर बाजारात मी त्यांना काय काय बोलले ते लिहीत नाही. दुकानातली माणसं बाहेर आली होती. तिथून तशीच निपाणीची गाडी पकडली आणि आईला सांगितलं, जायचं नाही. त्यांच्या दारात आपला एक माणूस जाणार नाही.

आईने सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाली, “जाऊया की.”

“आई, विंगेत बसवणार आहेत तुला!”

“ऐकलं मी. अण्णासाटी जायचं हाय, त्या मारुतीरावासाटी न्हवं. पर दिवसाचं काम बुडवून न्हाय. सुपं घेऊन जाऊया.”

एस.टी.च्या टपावर सुपं बांधून बायका आल्या. संध्याकाळी पाच वाजता सभा. सभागृह भरलं होतं. मंचावर मामाचा मोठा फोटो, त्याला हार, शेजारी खुर्च्यांवर वक्ते. दारावरच्या माणसाने मागच्या बाजूने जायला हात केला. आई त्याच्याकडं न बघता मधल्या वाटेने सरळ पुढं गेली. तिच्यामागं बायडाबाई, गुणाबाई, नागुबाई आणि बाकीच्या, कमरेवर सुपं धरून. रंगमंचापुढच्या खड्ड्यात त्या उतरल्या आणि दोन रांगा करून खाली बसल्या. पुढं, जिथं पेटी असते, तिथं एका माणसाची जागा त्यांनी मोकळी सोडली. सुपं मांडीवर घेतली. तंबाखूचा वास पहिल्या रांगेत पोचला आणि एका बाईंनी रुमाल नाकाला लावला. लावा. मास्तर त्या वासाने मेले.

कुणाची परवानगी घेतली नाही. आईने त्या मोकळ्या जागेकडं एकदा बघितलं, पान उचललं आणि सुरुवात केली. तेच गाणं, जे त्या सकाळी फाटलं होतं. कातऱ्या एकदम वाजल्या. तीन पट्ट्या तीन बाजूंनी उठल्या आणि दोऱ्याच्या गाठीवर एकत्र आल्या. समोर हनुवटी नव्हती, तरी एकही बाई पुढंमागं झाली नाही. मी मागं उभी होते आणि रडत होते, पण दुःखाने नाही. मला त्या सभागृहातल्या प्रत्येकाला मानेला धरून खाली, त्या खड्ड्याकडं, बघायला लावायचं होतं.

गाणं संपलं. टाळ्या वाजल्या, बराच वेळ वाजल्या. बायका वळतच राहिल्या; दिवसाचं काम अजून पुरं व्हायचं होतं. मारुतीराव मंचाच्या कडेला आले, वाकले आणि हसून हळू आवाजात म्हणाले, “फारच छान झालं, यल्लव्वा. आता सगळ्या जरा आत जा. भाषणं सुरू करायची आहेत.”

आईने मान वर केली नाही.

“आमी हितंच बसणार, साहेब,” ती म्हणाली. “तुमी आत जावा.”

मारुतीराव सरळ झाले, इकडंतिकडं बघितलं आणि खरोखरच विंगेत गेले. पहिला वक्ता उठून मराठी भाषेबद्दल बोलायला लागला. खाली कातऱ्या चालूच होत्या, त्याला दर वाक्याला आवाज चढवावा लागत होता.